मामांनी सांगितलेला दुसरा भाग

माझे मामा राळेगावकडच्या एका खेड्यात कापूस पिकवतात. सिनेमाचं त्यांना कधीच वेड नव्हतं. पण एकदा दुपारी टीव्हीवर यंत्रमानवाचा एक हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा लागला आणि मामा त्याच्या नादीच लागले. शेवटी तो यंत्रमानव शत्रूच्या यानासकट समुद्राच्या तळाशी जातो आणि त्याचे तुकडे तुकडे होतात. तेव्हा मामांनी दुपट्ट्याने डोळे पुसले, असं मामी अजून सांगतात. पुढे स्टँडवरच्या पानठेल्यावर मामांनी ती गोष्ट इतक्यांदा रंगवली की सिनेमा न पाहिलेल्यांनाही ती पाठ झाली.

मग यवतमाळला दुसरा भाग लागला. मी यवतमाळातच राहतो, म्हणून मामांचा फोन आला.

"भाचेबुवा, तिकिटा काढून ठेव. थो वापस येऊन राह्यला."

"पण मामा, तो तर मेला होता ना?"

"मनूनच त पाहा लागते! आला कसा थो?"

शनिवारी मामा-मामी सकाळच्या एसटीने आले. बाराच्या शोला आम्ही तिघं जाऊन बसलो. पडदा उजळला, तर यंत्रमानव एका शास्त्रज्ञ बाईच्या बागेत गुलाबांना पाणी घालत होता. बाईने विचारलं, तू जिवंत कसा? तो म्हणाला, "लंबी कहानी है." आणि पुन्हा पाणी घालायला लागला.

मामा पुढे वाकले. मग मोठ्याने म्हणाले, "लंबी हाये त सांग ना बे! आमी कायले आलो?"

पुढच्या चार रांगा हसल्या. मी खुर्चीत खाली सरकलो.

इंटरव्हलला मामांनी हातातला आलूबोंडा खाल्लाच नाही. "आता मारामारी होईल," मी धीर दिला. झाली, पण इतक्या अंधारात की कोण कोणाला मारतो ते कळेना. "लाइट त लावा!" मामा ओरडले. मामी मात्र एसीत पदर पांघरून गाढ झोपल्या होत्या. शेवटी यंत्रमानव आभाळाकडे पाहत उभा राहिला आणि नावं वर सरकू लागली. मामा उठेनात. झाडू घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "खतम?"

"खतम, काका."

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गावी निघालो. एसटीत मामा खिडकीबाहेरच पाहत बसले. मामी म्हणाल्या, "मले त आवडला बाप्पा. लय दिवसानं अशी झोप लागली."

गावात उतरलो तर पानठेल्यावर मंडळी वाटच पाहत होती.

"कसा आला जी थो वापस?"

मला वाटलं, आता मामा शिव्या घालणार. मामांनी माझ्याकडे पाहिलं, दुपट्टा सावरला आणि म्हणाले, "समुद्रात तुकडे पडले होते ना? त्याच्यातला एक हात बोटाइवर चालत किनाऱ्याले निंगाला."

मग त्या हाताने एकेक तुकडा शोधून काढला. छाती मगरीच्या पोटात सापडली. डोकं उलटं बसलं, म्हणून यंत्रमानवाला शत्रू पाठीमागून दिसू लागले. मारामारी भर उन्हात झाली. मी स्वतः तो सिनेमा पाहून आलो होतो, तरी मधेच विचारून बसलो, "मग?"

पुढच्या आठवड्यात पानठेल्यावरच्या मंडळीतले तिघं मोठ्या हौसेने यवतमाळला जाऊन आले आणि तडक मामांच्या अंगणात उभे राहिले. हे मला मामींनी फोनवर सांगितलं.

"मगर कोठी होती जी?"

मामांनी शांतपणे विचारलं, "तुमी कोनत्या शोले गेलते?"

"तीनच्या."

"मंग बरोबर हाये. आमी बाराच्याले गेलतो."

दोघं हात जोडून निघून गेले. तिसरा मात्र विचारात पडला आणि कोणाला न सांगता बाराच्या शोला पुन्हा जाऊन आला. तो काय सांगतो म्हणून संध्याकाळी मामांसकट सगळे पानठेल्यावर जमले. त्याने पान तोंडात टाकलं, सावकाश चघळलं आणि म्हणाला, "मगर हाये. पन एक नाई, दोन हायेत. यायनं दुसरी सांगतलीच नाई."