डोंगरातला शिंपला

माझा नवरा सुधीर मोठ्या आजारातून उठला आणि त्याने एकच हट्ट धरला, हिमालय बघायचा. डॉक्टर हो म्हणाले आणि आम्ही निघालो.

स्पितीतल्या एका गावात आम्ही उतरलो होतो. सकाळी घरमालकीणबाईंनी चहाबरोबर एक दगड आणून दाखवला. शेताच्या वरच्या कड्यातून सुटून पडलेला. त्यात शिंपल्याचा ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट.

"अगं, ही तर आपली कालवणातली तिसरी!" मालवणात वाढलेला सुधीर ओरडलाच. "इतक्या उंचावर?"

"इथं पूर्वी समुद्र होता म्हणतात," बाई हसून म्हणाल्या.

जमिनीला जमीन रेटत गेली आणि समुद्राचा तळ, कुणाला कळूही नये इतक्या सावकाश, आभाळापर्यंत आला. खाली गढूळ नदी तोच डोंगर कणाकणाने खरवडून पुन्हा समुद्राकडे नेत होती. या कोट्यवधी वर्षांत आमचा संसार तो केवढा! एरवी या विचाराने मी खिन्न झाले असते. त्या सकाळी मात्र ऊर भरून आला. डोंगर उभा राहिला होता, अजून झिजून गेला नव्हता, आणि नेमक्या त्या अवधीत आम्ही दोघं एकमेकांना भेटलो होतो. हातून निसटता निसटता सुधीर मला राहिला होता.

"चल, नदीपर्यंत जाऊन येऊ," तो म्हणाला.

हॉस्पिटलात चार पावलांत दमणारा हा माणूस उतारावर माझ्यापुढे चालू लागला. मी मुद्दामच मागे राहिले. त्याला चालताना मला डोळे भरून बघायचं होतं.