भाकड दिवस

डोळा लागतोय न लागतोय. शेजारी माझी भाची मितू झोपली आहे, उशाशी तिच्या बाबांची दुर्बीण. दादा, माझा थोरला भाऊ, वैशाखात गेला. त्याचा उजवा डोळा अधू, म्हणून दुर्बिणीचं उजवं कडं तो पार शेवटपर्यंत पिळून ठेवायचा. झोपण्यापूर्वी मी ते मितूच्या नजरेला लावून दिलंय. दर कार्तिकात दादा मला खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर पक्षी बघायला न्यायचा. उजाडल्यावर मितूला मी नेणार आहे. तिला पोहता येत नाही. त्या धास्तीने झोप अर्धवटच.

कूस बदलते तर गादी गार लागते. चाचपून बघते, तर ओली वाळू.

"चपला काढ," दादा म्हणतो. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तो पुढे चाललाय. तो गेलाय हे मला माहीत आहे, पण तो विषय आत्ता कशाला काढा! चिखल्या पक्षी आमच्या पायांपुढून तुरुतुरु पळताहेत.

"मितू कुठाय?"

"ती काय, टोकाला."

ती दुर्बीण लावून उभी आहे. आमच्यामधल्या चरात पाणी आलंय. मघाशी नव्हतं.

"अजून ओहोटी आहे," मी घाईघाईने म्हणते. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तूच शिकवलंस ना? आज चतुर्थी, म्हणजे भरती तीनला."

"कशावरून?"

"शेजारी लक्ष्मीपूजनाचे फटाके वाजले. तिथून बोटं मोजली."

"आणि भाऊबीज कधी झाली?"

आता आम्ही माहेरच्या स्वयंपाकघरात आहोत. दादा पाटावर बसलाय, माझ्या हातात निरांजन, आणि पाणी उंबऱ्याला लागलंय. यंदा घरात सण नव्हता. कॅलेंडरकडे मी फिरकलेच नाही, भाऊबिजेचा चौकोन मला बघवला नसता. ओवाळू कुणाला?

"चंद्राला ओवाळायचंस," दादा म्हणतो. "भाऊ नसला की तोच भाऊ. भरतीसुद्धा तोच आणतो."

"मला नाही जमत रे तुझ्याशिवाय."

"मधे एक भाकड दिवस गेला, वेडाबाई. पाणी पाऊण तास आधी फिरणार."

पक्षी एकदम उठतात. "आत्या!" मितू ओरडते. पाणी तिच्या कमरेला. मी धावते, पाय रुततात.

"दादा, ऊठ ना!"

तो पाटावरून हलत नाही. "मला नाही येता येत. तूच नीट मोज."

घामाघूम होऊन उठते ती थेट कॅलेंडरपाशी. लक्ष्मीपूजन, मग एक रिकामा चौकोन, मग पाडवा. बोट पुढे सरकवत आजच्या तारखेवर येते. तीज, चतुर्थी नव्हे. भरती सव्वादोनलाच. माझ्या हिशेबाने गेलो असतो, तर परत येताना चर भरलेला असता.

बाहेर फटफटलंय. मितू खिडकीशी दुर्बीण लावून उभी आहे.

"आत्या, उजवीकडे सगळं धुरकट दिसतंय. काल तर छान दिसत होतं." ती दुर्बीण उलटसुलट करून बघते. "कडं शेवटपर्यंत फिरलंय. बाबा ठेवायचे तसं. तू केलंस?"

मी नकारार्थी मान हलवते. तिच्या हातातून दुर्बीण घेते, पण कडं फिरवायचा धीर होत नाही.

"दांड्यावर नको जायला," मी म्हणते. "काठावरूनच बघू. आणि संध्याकाळी चंद्र दिसला की मला निरांजन लावून दे."