खळकाकूंचा अंगठा

ग्रंथालयाच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत, ती एकतीस वर्षं फाटलेली पुस्तकं शिवते आहे. तिच्या कपड्यांना, पिशवीला, डब्याच्या झाकणालासुद्धा मैद्याच्या खळीचा वास येतो, म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक तिला खळकाकू म्हणतात. तोंडावर म्हणतात. ती ओ देते.

थंडी संपता संपता तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. एकदम नाही. आधी सकाळी उठल्यावर मुंग्या यायच्या. मग मुंग्या यायच्या बंद झाल्या आणि तिला वाटलं, बरं झालं.

डॉक्टरकडे ती एकटीच गेली. मनगटात नस दबली आहे, डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन करू, सहा आठवडे हाताला आराम, मग संवेदना परत येईल, बहुधा. हे 'बहुधा' तिने घरी आणलं आणि कोणाला दाखवलं नाही.

कारण सरळ होतं. नव्या ग्रंथपालांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "काकू आहेत तोवर ही खोली. काकू थांबल्या की पुस्तकं बाहेर मशीनवर." त्यांना ते कौतुकच वाटत होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. ऑपरेशन म्हणजे सहा आठवडे, सहा आठवडे म्हणजे कुलूप, आणि एकदा लागलेलं कुलूप काढायला तळघरात कोणी उतरणार नाही, एवढं तिला कळत होतं. दोन वर्षं फक्त काढायची होती. बोटांना कळो न कळो, हाताला काम पाठ होतं.

पुस्तक म्हणजे फर्मे. सोळा पानांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. अशा घड्या एकावर एक ठेवायच्या आणि शिवायच्या. एखादी मागेपुढे झाली की पुस्तक गेलं. म्हणून ती उसवलेल्या पुस्तकाच्या प्रत्येक फर्म्याच्या घडीवर सुरीने बारीकशी खाच पाडायची, प्रत्येक खाच आधीच्या खाचेपेक्षा जरा खाली. फर्मे क्रमाने लागले की खाचांचा जिना तयार होतो. जिना मोडलेला दिसला तर फर्मा चुकला. इतर बाइंडर हे डोळ्यांनी बघतात. ती अंगठा फिरवायची. एकदा वरून खाली, झालं. सुरुवातीला तळघरातला दिवा मिणमिणता होता म्हणून, नंतर सवय म्हणून, आणि शेवटी शेवटी थोडी ऐट म्हणूनही.

आता अंगठा फिरायचा आणि काहीच सांगायचा नाही. बरोबर आहे असं नाही, चुकलंय असंही नाही. चुकलंय म्हणाला नाही ना, मग ती सुई ओवायची. मान वाकवून बघायला दोन सेकंद लागले असते. पण बघणं म्हणजे अंगठ्यावर संशय घेणं. आणि एकदा संशय घेतला की तो कुठवर जाईल ते तिला माहीत होतं. ती बघायची नाही.

घरी तिघं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता, आता घरीच असतो. मुलगी सुतारकाम शिकते. रविवारी दुपारी जेवणं झाली की तिघं माहितीपट बघतात. मुलगी चार वर्षांची असल्यापासूनची ही रीत. समुद्राच्या तळाचे, काच फुंकणाऱ्यांचे, आंधळ्या गिर्यारोहकांचे, जे मिळतील ते. बघताना हात रिकामे ठेवायचे नाहीत असा नियम आहे. तो नवऱ्यानेच केला, कारण रिकाम्या हाताने त्याला झोप लागते. मुलगी लाकडाचा चमचा नाहीतर पेटीचं झाकण घासत बसते. ती स्वतः पानं चिकटवते. आणि नवरा मफलर विणतो. स्वतःचे स्वेटर स्वतः विणणाऱ्या कोळ्यांचा एक माहितीपट बघून तो शिकला. पण विणकाम बंद कसं करायचं ते दाखवण्याआधी वीज गेली, म्हणून मफलर गेली तीन वर्षं लांबतोच आहे.

"बाबा, हा आता कोण घालणार? जिराफ?" मुलगी विचारते.

"सगळ्यांनी एकदम घालायचा. चहा प्यायला एकत्रच उठायचं."

बघून झालं की नवरा वहीत लिहितो. काय पाहिलं, काय कळलं, काय कळलं नाही. अशा आठ वह्या झाल्या होत्या. थंडीनंतरच्या चार महिन्यांत, दुपारच्या सुट्टीत, तिने त्या वह्यांचे टाके काढले, पानांचे फर्मे केले, खाचा पाडल्या, अंगठा फिरवला, शिवलं, वर गडद निळं कापड चढवलं. पानांवर आकडे नव्हते. ती मागे कधी तरी म्हणाली होती, आकडे घाला. नवरा म्हणाला होता, "आकडे छापील पुस्तकाला. मी काय लेखक आहे?"

एका रविवारी माहितीपट सुरू व्हायच्या आधी तिने ते पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. तो बराच वेळ नुसता कापडावरून हात फिरवत राहिला. त्याच्या तळहाताला कापड कळत होतं. ती ते बघत होती.

"वाचा ना बाबा, कुठलंही," मुलगी म्हणाली.

त्याने मध्येच उघडलं, चष्मा सारखा केला आणि सभेत वाचतात तसं वाचायला लागला. "अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस. समुद्रात राहतो. हाडं नाहीत. याला तीन हृदयं असतात, त्यांपैकी," तो समोरच्या पानावर गेला, "दोन एकाच साच्यात ओतून तीन दिवस निवायला ठेवतात. घाई केल्यास तडा जातो."

मुलीने पॉलिश पेपर खाली ठेवला. "काय?"

"तडा जातो."

"अष्टपादाच्या हृदयाला?"

"असेल बाई. निसर्ग आहे." तो पुढे वाचू लागला. "मग त्यावर लाकडी ओंडक्याने ठोका मारून आवाज ऐकतात."

"बाबा! ती घंटा आहे! घंटा ओतणाऱ्यांचा माहितीपट!" मुलगी हसत हसत जमिनीवर आडवी झाली. नवराही हसायला लागला, चष्मा काढून डोळे पुसायला लागला. "मी म्हटलं, हे मला तेव्हा कसं लक्षात राहिलं नाही! अष्टपाद वाजवतात!"

ती हसली नाही. तिने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, पान मागे केलं, पुढे केलं. दोन्हीकडे त्याचंच अक्षर, एकीकडे निळी शाई, एकीकडे काळी. मध्ये तिचा दोरा. दोरा सरळ होता, ताण बरोबर होता. टाका इतका नीट होता की फर्मा चुकलाय यावर विश्वास बसू नये.

"मी चुकले," ती म्हणाली.

"चुकलीस तर चुकलीस. काय मजा आली."

"अहो, मला अंगठा कळत नाही."

हसणं एकदम नाही थांबलं. आधी मुलीचं थांबलं, मग त्याचं. मुलगी उठून तिच्यासमोर बसली. कानामागची पेन्सिल काढली. "डोळे मीट. टोक लावलं की कुठलं बोट ते सांग."

तिने डोळे मिटले. वाट पाहिली. "मधलं," ती म्हणाली.

 मुलगी म्हणाली, "आई, मी अजून लावलंच नाही."

तिने डोळे उघडले. पेन्सिल बोटांपासून वीतभर लांब होती.

"कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"थंडी संपल्यापासून."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

तिने मग ऑपरेशनचं सांगितलं, सहा आठवड्यांचं, कुलपाचं. सगळं मिळून चार वाक्यं झाली. इतके महिने पोटात ठेवलेलं चार वाक्यांत संपलं. आता रडू येईल असं तिला वाटलं. तिने आत चाचपून पाहिलं. तिथेही काही लागलं नाही.

"हे पुस्तक असंच राहू दे," नवरा म्हणाला. "मला आवडलं."

"नाही, ते उसवायचं. पण ते नंतर." ती पुस्तक मिटून बसली होती. "या चार महिन्यांत मी तिकडे साठ-सत्तर पुस्तकं शिवलीत. याच अंगठ्याने."

 टीव्हीवर माहितीपटाचं पहिलं चित्र थांबलेलं होतं. कुठलंसं वाळवंट.

"कोणाला कळणार आहे, आई?"

"वाचणाऱ्याला कळेल."

"वाचणाऱ्याला?" नवरा म्हणाला. "अगं, मीच लिहिलंय, मला नाही कळलं."

सोमवारी ती सकाळी वर गेली. ग्रंथपाल वयाने तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिने ऑपरेशनच्या रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्याखाली नोंदवहीतून उतरवलेली पुस्तकांची यादी ठेवली. चौसष्ट पुस्तकं. पेनवर नको तेवढा जोर पडल्यामुळे कागद मागून उठला होता.

त्यांनी अर्ज वाचला. मग यादी वाचली. "ही काय आहेत?"

"ही परत मागवा. मला तपासायची आहेत. न बघता शिवलीत."

"काकू, एकाही पुस्तकाची तक्रार नाही."

"हो."

"म्हणजे एक तर ती बरोबर आहेत," ते जरा हसले, "नाहीतर कोणी वाचलीच नाहीत."

ती तशीच उभी राहिली. त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी यादी दुमडली, परत उलगडली. "खोलीचं मी तेव्हा म्हणालो होतो ते... काकू, सहा आठवडे रिकामी ठेवली तर वरचे लोक ती मागतील. मी काही शब्द देऊ शकत नाही."

"मी शब्द मागायला आले नाही. पुस्तकं मागायला आले."

यादीतली तेवीस पुस्तकं कपाटांतच होती. दुपारपर्यंत ती सगळी तळघरात आली. बाकीच्यांसाठी वाचकांना फोन करायला ग्रंथपालांनी वर एकाला बसवलं. तिने टेबल पुसलं, दिवा खाली ओढला आणि पहिलं पुस्तक उघडलं. अंगठा बाजूला ठेवला. पानाच्या कोपऱ्यातला आकडा डोळ्यांनी वाचायचा, पान डाव्या हाताने उलटायचं. एक. तीन. पाच. असं तिने कधीच केलं नव्हतं. फार वेळ लागत होता.

पहिलं पुस्तक बरोबर निघालं. तिला हायसं वाटलं नाही. ते तिने उजवीकडे ठेवलं. दुसरंही बरोबर निघालं.

तिसऱ्यात चौसष्टनंतर एक्क्याऐंशी आलं. तिने पान मागे केलं, परत पाहिलं. चौसष्ट. एक्क्याऐंशी. तिने पुस्तक मिटलं, डावीकडे ठेवलं आणि चौथं घेतलं.