पाट तोच

पेणच्या माझ्या गणपती कारखान्यात रोह्याकडचे एक आजोबा दरवर्षी घरचा पाट घेऊन येतात. नाव कधी विचारलं नाही. आमच्याकडे ते ‘पाटवाले बाबा’. पाट चांगला ऐसपैस, पण मूर्ती दरसाल लहान होत चाललीय. निवडताना ते मुखडा बघतच नाहीत, दोन्ही हातांनी उचलून नुसतं वजन बघतात.

“पोरं गेली मुंबई-दुबईला. आळीत उरली सगळी माझ्याच वयाची. विसर्जनाला उचलनार कोन?”

यंदा त्यांनी वीतभर मूर्ती घेतली. मी म्हटलं, “बाबा, आता पाटही लहान करा की.”

“नाय रं. पोरं परत आली, मोठा गणपती आनला, तर बसवायचा कशावर?”

मी मूर्ती मधोमध बसवली. भोवतीचा रिकामा पाट त्यांनी उपरण्याने हळूच पुसून घेतला.