काकांचं मशीन आणि शांत नात

माझे काका चष्म्याच्या काचा घासतात, आणि तयार मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. कॉम्प्युटरवर लिनक्स घेतलं तेही असलं, की प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे कच्चा माल, आणायचा आणि आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम घडवायचा. हवं ते ठेवायचं, नको ते आधीच वगळायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हे सगळं मन लावून केलं आणि नंतर अपडेटचं नाव काढलं नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं त्यांचं म्हणणं.

मग परदेशातल्या ताईला, म्हणजे काकांच्या मुलीला, मुलगी झाली. रविवारी अकराला ती व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवणार होती. काकांचा ब्राउझर इतका जुनाट, की कॉलचं पानच उघडेना. काकूने आपला फोन पुढे केला. नातीला पहिल्यांदा बघेन ते माझ्याच मशीनवर, असं ऐकवून काकांनी सोमवारी दुकानाला कुलूप लावलं. एक गिऱ्हाईक आठवडाभर एका काचेचा चष्मा लावून हिंडलं.

नव्या ब्राउझरला तो घडवणारा नवा कंपायलर हवा होता, कंपायलरला नवं पायथन, ही प्रोग्रामिंगची एक भाषा. पायथनसाठी आधी प्रोग्राम आणून बसवणारा पॅकेज मॅनेजर नवा हवा, आणि तो म्हणे नव्या पायथनशिवाय येणार नाही. काका तीन दिवस या दोघांची मनधरणी करत बसले. सगळं पुसून नव्याने टाका, अर्ध्या तासाचं काम, असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. गुरुवारी कुठूनशी मधली आवृत्ती सापडली आणि कंपाइल सुरू झालं. मशीन इतकं तापलं, की काकू त्यावर मोजे वाळत घालायला लागली. मला त्यांचा संताप येत होता, पण रविवारची दाढी त्यांनी शनिवारीच करून ठेवलेली बघून कीवही आली.

अकराला पाच कमी असताना ब्राउझर उघडला. पडद्यावर ताई, तिच्या मांडीवर दुपट्यातली नात. काकांचे डोळे भरून आले.

"बघ, कशी तोंडभर हसतेय," ते मला म्हणाले. "आणि किती शांत. अगदी माझ्या वळणावर गेलीय."

शेजारच्या खोलीत काकूच्या फोनवर, त्याच कॉलमध्ये, तीच पोर टाहो फोडत होती. सहा वर्षांपूर्वी नको ते वगळताना काकांनी मशीनमधून आवाजच वगळला होता. बघायला मिळालं की पुरे, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. धंदाच तसला.

काकूने आत येऊन फोन त्यांच्या कानाला लावला. काका बराच वेळ ते रडणं ऐकत राहिले.

"हात काढू नकोस," ते हळूच म्हणाले. "आवाज कंपाइल व्हायला चार तास लागतील."