घरातल्या घरात फोन

फोन माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून पाठवला. स्वतः यायचं सोडून माणसं काय काय पाठवतात! आधी मसाजच्या चपला आल्या, मग बदाम आले, अन् या खेपेला खोक्यात एक काळा ठोकळा अन् त्याच्यासोबत दोन बिनतारी फोन. आमचा जुना टेलिफोन मुका होऊन बराच काळ लोटला होता. मोबाइल आईच्या हाती टिकत नव्हता. बोट कुठंही लागायचं, फोन कटायचा, अन् ती काळ्या पडद्याशीच बोलत बसायची. म्हणून हा नेटवर चालणारा फोन, ठसठशीत बटणांचा.

"ताई, एचडी आवाज आहे याचा," भाऊ म्हणाला. "आईला वाटेल मी शेजारीच बसून बोलून राहिलो."

"मग येऊन बस ना शेजारी," मी म्हटलं. तो हसला. मी गंमत करत नव्हते.

नेटवाल्या भैयाने ठोकळा भिंतीवरच्या डब्याला जोडला. एक फोन आईच्या पलंगाशी ठेवला, दुसरा स्वयंपाकघरात, अन् एकावरून दुसऱ्याला कसा लावायचा तेही दाखवलं. मी म्हटलं, भैया, एवढंसं घर आमचं, इथं घरातल्या घरात कोण कोणाला फोन करणार? माझी हाक तर घमापूरच्या बाजारापर्यंत जाते. तो "जी दीदी" म्हणाला अन् निघून गेला. हाकेचीच पंचाईत झाली होती, ते त्याला काय सांगायचं!

आमच्या घरात एक कायदा होता, अन् तो आईने केला होता. उंबऱ्याच्या बाहेर हिंदी, आत मराठी. ती वर्ध्याकडची. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा बाबा फॅक्टरीत नोकरीला होते, आजूबाजूला सगळी हिंदी बोलणारी माणसं, अन् हिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. शिकली, पण दारापुरतीच. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायची अन् मान वळवून आमच्याशी लगेच मराठी. आम्ही शाळेतून येऊन चुकून "मम्मी, भूख लगी है" म्हटलं, की म्हणायची, "कोणाची पोरं हो ही? आमच्या घरची तर नाई वाटत." मराठी बोलल्याशिवाय ताट वाढायची नाही. घरात कामवाली असली, की तिच्याशी मात्र अगदी अदबीने हिंदी, "दीदी, आप जरा इधर भी झाडू लगा दो." घरचं कोण अन् बाहेरचं कोण, हे तिच्या तोंडून ऐकूनच कळायचं.

तर फोन यायच्या काही महिने आधी एकदा मी तिच्या खोलीत चादर बदलत होते, अन् ती मला म्हणाली, "दीदी, जरा पंखा कम कर दो."

मला हसू आलं. वाटलं, चिडवून राहिली म्हातारी. मी म्हटलं, "हो गं बाई, करते." तिने माझ्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, नीट, सभ्यपणे. म्हणाली, "शुक्रिया जी."

नोकरीची उरलेली वर्षं सोडून मी हिच्यासाठी घरी बसले होते. विसरण्याचा आजार आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वाढत जाईल, गेलेलं परत येणार नाही, हेही सांगितलं होतं. पण गॅस बंद करायला विसरेल, वार विसरेल, असं मी धरून चालले होते. मलाच विसरेल, अन् तेही हिंदीत, हे कुठं ठाऊक होतं! त्यानंतर मी मराठीत बोलायची अन् ती हिंदीत उत्तर द्यायची. मी हट्टाने मराठी, ती नम्रपणे हिंदी. मी म्हणायची, "आई, मी तुझी लेक आहे." ती म्हणायची, "हाँ हाँ, बेटी जैसी ही हो आप." संताप यायचा. रडूही यायचं, पण आधी संताप.

फोन आल्यावर थोड्याच दिवसांनी मी सराफ्यात गेले होते. आईची मनगटं वाळली होती, पाटल्या गळून पडत होत्या, त्या लहान करायला दिल्या. घरी शेजारच्या भाभी आईपाशी बसल्या होत्या. सगळं ठीक ना, म्हणून मी मोबाइलवरून घरी लावला. भाभींनी फोन उचलला अन् तसाच आईच्या हाती दिला.

"आई?" मी म्हटलं.

"काहून गं पोरी! कुठं आहेस तू? किती दिवसांनी फोन करून राहिली! आईची आठवणच नाई येत का तुले?"

मराठी! माझ्या आईची मराठी, माझ्यासाठी! गल्लीत स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते, सोनार विचारत होता की दीदी, कितनी छोटी करूँ, अन् मी त्याच्या काउंटरला धरून रडत होते. आई इतकी जवळून बोलत होती की तिचा श्वास ऐकू येत होता. जुन्या फोनच्या खरखरीत तिने हल्ली कोणालाच ओळखलं नसतं. यात माझा आवाज तिला स्वच्छ गेला असेल, तेवढाच, चेहऱ्याची लुडबूड नाही.

"जावईबापू बरे आहेत ना नागपूरला?" तिने विचारलं.

घ्या! माझं लग्नच झालेलं नाही. आईने मला मनातल्या मनात नागपूरला देऊन टाकलं होतं. एवढ्या वयात मला नवरा मिळाला, तो असा. "बरे आहेत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग रोजचंच झालं. दुपारचं आवरलं की मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बटण दाबायची. पलीकडच्या खोलीत फोन वाजायचा. भिंतीतून तिचा "हॅलो" अंधुक ऐकू यायचा अन् कानात तोच "हॅलो" लखलखीत. आम्ही बोलायचो. तिच्या माहेरची विहीर, तिच्या सासूचा खवटपणा, बाबांना आवडणारी झणझणीत पाटवडी. मधे मधे माझ्या सासरची चौकशी. मी तिकडचे खोटे खोटे किस्से सांगायची, ती खळखळून हसायची. अन् मग हळूच सुरू व्हायचं, त्या बाईबद्दल.

"इथं एक बाई ठेवली आहे भावानं तुझ्या. काम करते बिचारी, पण तोंड सदा फुगलेलं. आंघोळीला पाणी असं गार घालते! अन् वरणात मीठ म्हणजे, जाऊ दे."

मी माझ्याच कागाळ्या ऐकत उभी राहायची. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त गरम करायची, मीठ कमी टाकायची, तोंड हसरं ठेवायची. मग फोनवर अहवाल यायचा, "सुधरून राहिली जरा." कपाळ माझं!

भाऊ खूश होता. "ताई, आई मला बरोबर ओळखते गं, लगेच! उगाच घाबरलो आपण." मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. तुला ओळखते, कारण तू फक्त आवाजच आहेस रे राजा. तुला तिच्यासमोर उभं राहावं लागत नाही. मी हे बोलले नाही. त्याचं सुख त्याला असू दे, म्हटलं.

पण त्याच्याच बोलण्याने माझ्या डोक्यात खूळ शिरलं. आवाज ओळखते ना? मग आवाज हातात धरूनच तिच्यासमोर गेलं तर? बोलता बोलता जायचं, मधे तोडायचंच नाही. कानातली लेक अन् डोळ्यांसमोरची बाई एकच आहे हे तिला एकदा, एकदाच दिसलं, तर कदाचित जुळेल काहीतरी. डॉक्टरांना विचारलं नाही. नाहीच म्हणाले असते. मला आशा हवी होती, सल्ला नको होता.

मी केस नीट विंचरले, तिला आवडणारी हिरवी साडी नेसले अन् फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, "आई, एक सांगू? मी आले आहे. घरीच आले. दारात आहे बघ."

"खरंच? अगं माय! सांगायचं नाई का आधी?" पलंग करकरला. पण ती स्वयंपाकघराकडे वळली नाही. तिची पावलं गल्लीच्या दाराकडे गेली. बरोबरच होतं. नागपूरहून येणारी लेक स्वयंपाकघरातून कशी येईल?

मी मागच्या दाराने बाहेर पडले अन् बोळातून पुढे धावले. फोन कानाशीच. आई कानात सांगत होती, "थांब, कडी काढते, ही कडी मेली अडकते," अन् कडी निघाल्याचा आवाज मला फोनमधूनही आला अन् समोरूनही.

दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. अन् तो माझ्यासाठी होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दीदी, आप जरा बाजू हो जाओ," ती म्हणाली. "मेरी बेटी आ रही है."

"आई, मीच गं. मीच आले."

माझा आवाज तिच्या हातातल्या फोनमधून आला अन् माझ्या तोंडूनही. ती दचकली. फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् मागे सरकली. "मेरी बेटी की आवाज आपके पास कैसे आई? कहाँ है वो? क्या किया आपने उसको?" मी हात पुढे केला तर तिने अंग चोरलं. किंचाळलीच. भाभी धावत आल्या, त्यांनी तिला जवळ घेऊन आत नेलं. मी दारात उभी होते, हिरव्या साडीत, फोन कानाला लावून. त्यातून आईचं रडणं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं. मी फोन बंद केला नाही. करवला नाही.

त्या दिवशी तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घाबरत घाबरत बटण दाबलं. वाटलं, हेही गेलं आता. तिने उचलला. कुजबुजत होती.

"पोरी, बरी आहेस ना तू? ऐक. इथली ती बाई तुझ्या आवाजात बोलून राहिली. हुबेहूब. मराठीसुद्धा तुझ्यासारखीच. मले फार भेव वाटते."

"काही नाही करणार ती, आई."

"तिला सांग ना बाई तू. माझं नाई ऐकत. तिला म्हण, या घरात मराठी बोलू नको."

मी नाही म्हणू शकले असते का? ती माझीच आई होती. ती भीत होती, अन् माझ्याच भीतीने, माझ्याकडेच दाद मागत होती.

"सांगते, आई," मी म्हटलं.

मग मी तोंड धुतलं, चहा केला, तिच्या खोलीत गेले अन् कप पुढे धरून म्हणाले, "माँजी, चाय लीजिए."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे खांदे सैल पडले, कपाळावरची आठी गेली. कप घेतला, एक घोट घेतला, अन् पलंगावर जरा सरकून म्हणाली, "बैठो ना आप भी."

मी बसले. तेव्हापासून मी तिच्याशी समोर हिंदीतच बोलते. जीभ वळत नव्हती आधी, आता वळते. तिला माझी भीती वाटत नाही. हातातून घास घेते, केस विंचरू देते, अन् कधी कधी आपल्या लेकीबद्दल सांगते. नागपूरला आहे, फार गुणाची आहे, रोज फोन करते. मी म्हणते, अच्छा?

परवा तिने विचारलं, "आपके घर में कौन कौन है?"

"माँ है," मी म्हटलं.

"बूढ़ी होंगी."

"हाँ. बूढ़ी है."

तिने माझा हात हातात घेतला. आपुलकीने, जुन्या ओळखीच्या बाईचा घ्यावा तसा. "तो यहाँ क्या करती हो आप?" ती म्हणाली. "उनके पास जाओ ना. राह देखती होंगी."