चष्म्यावरून हेडफोन

चष्मा घालून हेडफोन लावले की वीस मिनिटांत कानामागचं हाड ठणकायला लागतं. चष्म्याची काडी खाली, हेडफोनची गादी वर, आणि मधे आपला कान. आधी नुसतं टोचतं, मग ठणका लागतो, मग गाण्यात लक्षच राहत नाही. हे मला बाबा गेल्यावर कळलं. हेडफोन बाबांचे होते, आणि ते असेपर्यंत मी कधी लावूनच पाहिले नाहीत. वेळ कुठे होता बाप्पा मला! शाळा, घर आणि बाबांवर ओरडणं, यातच दिवस संपायचा.

ओरडायची मी, खोटं कशाला बोलू? मी शाळेत गणित शिकवते. माझा आवाज तीन वर्ग ओलांडून जातो, असं पोरं म्हणतात. घरी तर बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणजे सबबच मिळाली. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये, टर्बाईनपाशी त्यांची सगळी नोकरी गेली. आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो, दोरीवरच्या कपड्यांवरची राख झटकत. बाबा रिटायर झाले तेव्हा अर्धे कान तिथेच ठेवून आले. पुढे आई गेली, भाऊ पुण्यात स्थिरावला, लग्न मी केलं नाही. मग बाबा मनीषनगरला माझ्या फ्लॅटवर राहायला आले. तुला चालेल का, असं मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला काही म्हटलं नाही.

कानाचं मशीन आणलं, तर चार दिवसांत त्यांनी ते कपाटात टाकलं. म्हणाले, "त्याच्यात सारंच घुसते वं. कुकर घुसते, कूलर घुसते, तू बी घुसते." मग भावाने पुण्याहून हे मोठे हेडफोन पाठवले. बाबांचा जीव भजनात. कॉलनीतल्या भजनी मंडळात ते खंजिरी वाजवायचे. हेडफोन लावून मी आवाज पूर्ण वाढवला, आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा काही फुलला की मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आवाज इतका मोठा असायचा, की गादीतून गळून ओट्यापाशी मलाही खंजिरी ऐकू यायची.

त्यांच्या दोन सवयींचा मला राग होता. पहिली म्हणजे, मी पोळ्या लाटताना पाठमोरी काही बोलले की त्यांचं ठरलेलं, "इकडं पाहून बोल ना वं." मला वाटायचं, जुन्या माणसांना मान लागतो, तोंड समोर करून बोललेलं आवडतं. आणि दुसरी, हेडफोन लावायच्या आधी चष्मा काढायचा. काढायचा आणि ठेवायचा कुठे, तर सोफ्यावर! एक दिवस बाबा स्वतःच त्याच्यावर बसले. काच फुटली, काडी तुटली. महाल भागातल्या जुन्या चष्मेवाल्याकडे नवा करायला टाकला, तोवर बाबा भिंती धरून घरभर चाचपडत होते आणि मी त्यांच्या मागे मागे तोंड चालवत होते.

नवा चष्मा आला तेव्हा मी नियम केला. "हा आता डोळ्यांवरच राहीन. गाणं ऐका नाही तर काही करा, पण काढलेला दिसला तर हेडफोन कपाटात." सातवीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

"बरं बाई," बाबा म्हणाले.

काहून काढता, एवढं एक मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. त्या दिवसापासून ते चष्म्यावरून हेडफोन लावायला लागले. मधेच कानामागे बोट घालून चोळायचे. मला वाटायचं, घामोळं आलं असेल.

मग तो मे महिन्यातला रविवार. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता, बाबा सोफ्यावर हेडफोन लावून बसलेले, हात मांडीवर ठेका धरत होता. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर. भावाचा फोन आला. बाबांना सुट्टीत महिनाभर पुण्याला नेतो असं त्याने कबूल केलं होतं, आणि आता यंदाही जमत नाही म्हणत होता. माझं डोकंच फिरलं. उठून आतल्या खोलीत जावं, एवढंही मनात आलं नाही. कशाला जायचं? समोरच्या माणसाचे कान भजनाने भरले होते.

"मी थकली रे आता," मी म्हटलं. "माझं काही आयुष्य आहे का नाही? उठलं का बाबा, झोपलं का बाबा. कधी सुटीन मी यातून? ते गेले का त्येही सुटतीन आन मीही सुटीन."

बोलले. तोंडातून गेलं ते गेलं. बाबा माझ्याकडेच पाहत होते. मांडीवरचा ठेका थांबला, तेव्हा मला वाटलं, भजन संपलं.

संध्याकाळी त्यांनी चहाचा कप स्वतः धुऊन पालथा घातला. "माह्यासाठी पोळ्या नको करू. खिचडी टाक, तेच जमते." मी विचारलं, पोट बिघडलं का? तर म्हणाले, हो. मी ओवा दिला. तो त्यांनी मुकाट्याने चावला.

त्यानंतर माझा फोन वाजला की बाबा चष्मा काढायचे. काढून मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. झालं, माझा नियम मोडला! मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने खूण करायची, "बाबा, चष्मा!" ते लगेच घालायचे. घातला की खिडकीकडे पाहत राहायचे. नाही घातला, तर मी उठून, फोन खांद्याला दाबून, माझ्या हाताने त्यांच्या नाकावर चढवायची. एकदा नाही, किती वेळा तरी!

दिवाळीच्या आधी छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत बाबा गेले. शेवटी चष्मा मीच काढला. दोन्ही कानांमागे खाच पडली होती, आणि एका बाजूला खपली. तेव्हाही मला नीट समजलं नाही.

समजलं ते तेरवीला. बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये पंगत बसली होती. कॉलनीतले बाबांच्या शिफ्टमधले दोन म्हातारे आले होते. एक पंगतीच्या या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला. भांड्यांचा, वाढणाऱ्यांचा असा गलका, आणि हे दोघे एवढ्या लांबून एकमेकांशी गप्पा करत होते. तोंडं हलत होती, आवाज मात्र नाही. एक काहीतरी म्हणाला आणि तिकडे दुसऱ्याला हसताना ठसका लागला.

मी वरण वाढत होते. विचारलं, "काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"सवय आहे पोरी," ते म्हणाले. "टर्बाईनपाशी कान काय कामाचे? माणूस कानात बोंबलला तरी आयकू नाही ये. आम्ही सारे एकमेकाच्या तोंडाकडं, व्हटाकडं पाहूनच बोलो. आन तुहा बाप तर उस्ताद! त्या टोकाचा माणूस काय बोलून राहिला, हा इथून सांगे. फक्त चष्मा पाहिजे. साहेब तापला का तुहा बाप चष्मा काढून पुसत बसे. आमाले म्हणे, आता बोलू दे त्याले काय बोलाचं ते, आपलं दुकान बंद."

पंगत हसली. मीही हसले, सवयीने. मग हातातली वरणाची बादली मी तिथेच खाली ठेवली आणि जिना चढून घरात आले. न्हाणीघराचं दार लावून घेतलं. बाहेरून कोणीतरी हाका मारत होतं, पापड कुठे ठेवलेत म्हणून.

भावाला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, त्यांना सगळं थोडंच समजलं असेल?" मीही तीच आशा धरून होते. म्हणून एक दिवस आरशासमोर उभी राहिले आणि त्या रविवारची वाक्यं आवाज न काढता म्हणून पाहिली. मी थकली रे आता. ते गेले का त्येही सुटतीन. माझे ओठ फार स्पष्ट हलतात हो. मागच्या बाकावरच्या पोरालाही समजावं, असं बोलायची वीस वर्षांची सवय आहे मला.

म्हणजे त्यांना समजलं होतं. आणि पुन्हा समजू नये म्हणून ते आपलं दुकान बंद करत होते, तर मी उठून जायची आणि ते उघडायची. माझ्या हाताने!

आता संध्याकाळी शाळेतून आले की मी हेडफोन लावते. चष्मा काढत नाही. कान ठणकतात, ठणकू देते. मग उठून बाबांच्या फोटोसमोर जाते. तोंड अगदी समोर करून, एकेक शब्द सुटा करून म्हणते, बाबा, मी रागात बोलली होती. माझं चुकलं. मला तुम्ही पाहिजे होते.

फोटो मीच निवडला होता. दोन होते. एकात चष्म्याच्या काचांवर फ्लॅशची चमक आली होती, म्हणून तेरवीच्या घाईत मी दुसरा मोठा करून घेतला. चांगला आला आहे. बाबा हसताहेत, वयही कमी दिसतं. चष्मा मात्र घातलेला नाही.